नमुना ग्राहक क्रमांक एक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या थोरल्या बहिणीला फोन आला, आणि फोनवर बोलत होती ती स्वतःच.

"नमस्कार. आपल्या कर्जाचा हप्ता थकला आहे. थकबाकी, नऊ हजार नऊशे नव्याण्णव. कृपया त्वरित भरणा करावा."

ताई चहा गाळत होती. फोन ओट्यावर, स्पीकर चालू. तिने गाळणं खाली ठेवलं, शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "नव्याण्णव जरा बसलंय गं. त्या दिवशी मला सर्दी होती."

आता काय बोलायचं हिला! कर्ज काढल्याचं आठवत नाही, हप्ता कसला ते ठाऊक नाही, आणि बाईसाहेबांना काळजी नव्याण्णवची. मी म्हटलं, "अगं, कर्ज कधी काढलंस तू?" तर म्हणे, "मी कुठलं कर्ज काढतेय? पण 'त्वरित' छान आलंय, नाही?"

तुम्ही माझ्या बहिणीला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणते ती आमची ताई. बस डेपोत "प्रवाशांनी आपल्या सामानाकडे लक्ष द्यावे" म्हणते, ती पण आमचीच. दवाखान्याच्या रांगेत तुमचा नंबर पुकारते ती, आणि पैसे टाकून वजन करायच्या काट्यावर चढलात की तुमचं वजन चारचौघांत जाहीर करते ती. त्या काट्यापायी एक शेजारीण वर्षभर आमच्याशी बोलत नव्हती. तीस वर्षं ताई बंद खोलीत बसून अशी वाक्यं बोलली. लग्न केलं नाही. म्हणायची, "दिवसभर बोलून घरी यायचं आणि परत कुणाशी तरी बोलायचं? नको बाई." मग माझा नवरा वारला आणि मी तिच्या दोन खोल्यांत राहायला आले. तिच्या नशिबात बोलणं होतंच.

माझं खाली इस्त्रीचं दुकान आहे. मी चटकन पेटते, हे मला कुणी सांगायला नको. ताई लहानपणापासून मला ठिणगी म्हणते. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी, पण कामाचा रुबाब बघावा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवसापासून थंड पाणी बंद. कागद हातात असा आडवा धरायचा की त्याचा आवाज होता कामा नये. आणि कपडे धुऊन धुऊन मऊ झालेले, चुरगळलेले, कारण कडक इस्त्रीचा कपडा माइकपुढे करकरतो. गल्लीभर लोक माझ्या हातची इस्त्री घालून मिरवतात, आणि माझी सख्खी बहीण बिनइस्त्रीची कामावर जाते. लोक मला विचारतात, काय सांगणार?

तिचं खरं कसब आकड्यांचं. आपल्याकडे शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, तसा तिला वेगळा बोलावाही लागतो. एकेक आकडा तीनदा. एक वाक्याच्या सुरुवातीचा, एक मधला आणि एक शेवटचा, आवाज खाली बसवून. मग मशीन ते तुकडे जोडतं आणि तुमची थकबाकी सांगतं. बँकेचं काम आलं तेव्हा ती चार दिवस घरात "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी" करत फिरत होती. मला झोपेत आकडे ऐकू यायचे.

तर तो फोन. दुसऱ्या दिवशी आठ दहाला परत. तिसऱ्या दिवशी परत. आठवड्याभरात नऊ हजार नऊशे नव्याण्णवचे अकरा हजार तीनशे झाले, दंडासकट. मी त्या नंबरवर उलटा फोन लावला, तर तिकडे पुन्हा ताईच. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी वैतागून ओरडले, "अगं ताई, माणूस दे कुणीतरी!" आणि आतल्या खोलीतून खरी ताई म्हणाली, "काय गं, काय झालं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात ताईचा गळा दाखवायला गेलो. दोन महिने तिला गिळताना खुपत होतं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाठ आहे. तीन आठवड्यांच्या आत काढून टाका. थांबू नका." ताईने विचारलं, "आवाज?" डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाल्या, "गाठ काढणं महत्त्वाचं. आवाजाचं मी वचन देत नाही."

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. ऑपरेशनचे ऐंशी हजार आधी भरायचे होते. ताईच्या खात्यात एक लाख दहा हजार होते, तीस वर्षांची वाक्यं. तेव्हा पैशांची चिंता नव्हती. मी तिचा हात धरून बसले होते, आणि समोरच्या भिंतीवरून ताई म्हणत होती, "क्रमांक त्रेचाळीस, खोली दोन."

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, तर खातं गोठलेलं.

काउंटरवर एक अधिकारी होता, डोळ्यांना चष्मा, टेबलावर दुसरा चष्मा. त्याने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "थकबाकी आहे, म्हणून खातं गोठवलंय. नियमाप्रमाणे."

"कसली थकबाकी? तिने कर्जच घेतलेलं नाही!"

त्याने चष्मा बदलला. "इथे आहे ना. नाव आहे, फोन नंबर आहे, खाते क्रमांक आहे. ग्राहक प्रकार..." तो थांबला. "ग्राहक प्रकार, नमुना."

ताईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं बाई, तो टकल्या!"

झालं होतं असं. आकड्यांचं रेकॉर्डिंग संपल्यावर जोडणी बरोबर होते की नाही हे बघायला एक खोटा ग्राहक लागतो. रेकॉर्डिंग करणारा टकल्या, तसा भला माणूस, ताईला म्हणाला होता, "कुणाचा तरी नंबर टाकायला लागतो, तुमचाच टाकू? मानधनासाठी खाते नंबरही आहेच माझ्याकडे." ताई म्हणाली, "टाक की." रक्कम कुठली टाकू, तर ताईच म्हणाली, "नऊ हजार नऊशे नव्याण्णव टाक, म्हणजे नवाचे तिन्ही तुकडे कळतील." संध्याकाळी नमुना पुसायचा होता. टकल्याची बस सुटत होती. राहिलं. आणि तेव्हापासून माझी बहीण त्या बँकेची नमुना ग्राहक क्रमांक एक होती, आणि एकही हप्ता भरत नव्हती.

हे सगळं ऐकून अधिकारी मान डोलावत होता. मला वाटलं, सुटलो. तर म्हणतो, "मॅडम, नमुन्यालासुद्धा नियम लागू असतात."

"अहो, पण पैसे दिलेत कुठे तिला?"

"ते वाटप विभाग बघतो. आमच्याकडे फक्त न भरल्याची नोंद असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काउंटरवर हात आपटला. दाराशी बसलेला रखवालदार उठला, मी त्याच्याकडे बघितल्यावर परत बसला. ताई मात्र शांत. तिने विचारलं, "ऑपरेशनपुरते तरी पैसे काढता येतील का?"

"येतील की," अधिकारी खूश होऊन म्हणाला. "आजारपणासाठी सवलत आहे. फक्त ओळख पटवायची. ती आता आवाजावरून होते, हा फोन घ्या."

काउंटरच्या कोपऱ्यात एक फोन होता, त्यावर कान आणि तोंडाचं चित्र. ताईने उचलला. आवाज आला, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असा. "कृपया म्हणा, माझा आवाज हीच माझी ओळख."

तीस वर्षांची सवय. ताई ताठ बसली, श्वास घेतला आणि बोलली. काय बोलली! पासबुक भरायला उभा असलेला माणूस मागे वळून बघायला लागला.

फोनमधून ताईच म्हणाली, "क्षमस्व. हा आवाज रेकॉर्ड केलेला आहे. कृपया स्वतः बोला."

"मी स्वतःच बोलतेय," ताई म्हणाली.

"क्षमस्व. हा आवाज रेकॉर्ड केलेला आहे."

अधिकारी पुढे वाकून कुजबुजला, "जरा वाईट बोला ना मॅडम. माणसासारखं."

ताईने प्रयत्न केला. खरंच केला. पण तिला वाईट बोलताच येईना. अडखळायला गेली तरी ते अडखळणं बसवलेलं वाटायचं. शेवटी मी तिचं नाक धरलं आणि म्हटलं, "आता बोल." ती बोलली. फोन म्हणाला, "क्षमस्व. आवाज जुळत नाही. आपले तीन प्रयत्न संपले आहेत. उद्या पुन्हा प्रयत्न करावा. आपला दिवस शुभ असो."

आठ दिवस रोज गेलो. चांगलं बोललं की रेकॉर्ड केलेला, वाईट बोललं की जुळत नाही. अर्ज केला. अर्जाचा नंबर मिळाला, आणि त्या अर्जाचं काय झालं हे सांगणारा फोनही ताईच्याच आवाजात आला. "आपला अर्ज विचाराधीन आहे." ती मला म्हणाली, "ठिणगे, हे मी इतक्या खात्रीने बोलले होते ना, की आता माझाच विश्वास बसतोय."

मी चिडून रडले. तीन आठवड्यांतले दहा दिवस गेले होते. माझ्या दुकानात महिन्याला जेवढं सुटतं त्यात ऑपरेशन काय, गळ्याला गुंडाळायचा पंचासुद्धा जेमतेम. गल्लीत उसने मागितले, चौदा हजार जमले. बाकीच्यांनी काखा वर केल्या.

अकराव्या दिवशी वसुलीवाले घरी आले.

दोघं होते. एक फाइलवाला, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. दुसरा नुसता दांडगा. त्याच्याकडे फाइल नव्हती, पेन नव्हतं, त्याचं काम दारात उभं राहून दार भरणं. फाइलवाल्याने कडी वाजवली आणि मोठ्याने म्हणाला, "थकबाकीदार इथेच राहतात का?" शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या.

मी पुढे होणार होते. हातात गरम इस्त्री होती, खोटं कशाला बोलू. पण ताईने मला मागे केलं आणि दार उघडून म्हणाली, "नमस्कार. या, बसा."

दांडगा जागच्या जागी खिळला. मग खुर्चीच्या अगदी कडेला, शाळेत बसतात तसा बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी पाच तारखेला नक्की भरतो. आईशप्पथ."

फाइलवाला त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे काय भरतोस? वसुली आपण करायला आलोय!"

"साहेब, याच त्या," दांडगा म्हणाला. "रोज सकाळी आठ दहाला. मोटारसायकलच्या हप्त्याचा." आणि ताईकडे वळून, "मॅडम, बायकोच्या बाळंतपणात खर्च झाला. मुद्दाम नाही बुडवला."

ताईने त्याला पाणी दिलं. म्हणाली, "होईल हो व्यवस्थित." तिच्या त्या आवाजात एवढं ऐकलं आणि तो धटिंगण चक्क डोळे पुसायला लागला. इतक्या दिवसांत त्या आवाजाने त्याला पहिल्यांदा बरं काही सांगितलं होतं.

फाइलवाल्याने तरी आपलं कर्तव्य सोडलं नाही. काहीतरी जप्त करायलाच हवं, रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाला. पलंग जुना, कपाट भाड्याचं, इस्त्र्या माझ्या नावावर. शेवटी त्याने ताईचा फोन उचलला. ताई म्हणाली, "न्या. पण मग उद्या आठ दहाला तुम्ही मला आठवण कुठे करणार?" त्याने बराच वेळ विचार केला. फोन परत ठेवला आणि रकान्यात लिहिलं, "जप्तीयोग्य वस्तू: आवाज."

मला वाटलं गंमत केली. पण त्या कागदानेच पुढचं सगळं घडलं. दोन दिवसांनी वसुली कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, खऱ्या माणसाचा. त्यांना ताई सापडत नव्हती म्हणे, कितीतरी दिवस शोधत होते. जुन्या सूचना फार सौम्य पडतात. लोक ऐकतात, बरं वाटतं आणि भरत नाहीत. तर कडक सूचना हव्या होत्या, बेचाळीस. ताई गळ्यावर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "एका सूचनेचे दोन हजार. रोख. आधी."

मी फोन ठेवायची वाटसुद्धा बघितली नाही. "ज्यांनी गळा धरला त्यांनाच गळा विकणार तू? लाज नाही वाटत? त्यांच्या तोंडावर थुंकायचं सोडून..."

"चौऱ्याऐंशी हजार होतात," ताई म्हणाली. "आणि ठिणगे, कापायच्या आधी विकलेला बरा."

असं बोलून ती हसली. मला नाही हसू आलं. मी बाहेरच्या खोलीत जाऊन सोळा शर्ट इस्त्री केले, आणि सोळाच्या सोळा पुन्हा करावे लागले.

ऑपरेशनला चार दिवस उरले असताना आम्ही त्या बंद खोलीत गेलो. भिंतींना जाड स्पंजाच्या गाद्या, मधे माइक, काचेपलीकडे टकल्या. ताईला बघितल्यावर तो ओशाळून उभा राहिला. मी त्याला जे बोलायचं ते बोलले, इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "अहो, मी पुसायला गेलो होतो परवा. पण सगळी यंत्रणा आता त्या नमुन्यावर तपासतात. नमुना पुसला तर सगळ्यांचीच कर्जं बंद पडतात. भरणा झाला तरच तो आपोआप मिटेल."

"म्हणजे न घेतलेलं कर्ज फेडायचं?"

"तोच सोपा मार्ग आहे," तो म्हणाला. वाईट याचं वाटलं की तो मनापासून बोलत होता.

दोन दिवस ताई बोलली. दर दहा मिनिटांनी कोमट पाणी, गिळताना डोळे मिटायची. मी थर्मास घेऊन स्टुलावर, तिच्या समोर, श्वासाचाही आवाज न करता. हप्ता थकला. दंड लागला. प्रतिनिधी घरी येतील. एकेचाळीस सूचना झाल्या. बेचाळिसावी राहिली, सगळ्यात कडक, शेवटची ताकीद. ती काही जमेना. टकल्या काचेपलीकडून म्हणायचा, "अजून राग हवा, ताई. आत्ता असं वाटतंय की तुम्ही जेवायला बोलावताय."

"मला राग येतच नाही रे," ताई म्हणाली. "कुणावर आणू?"

"ज्याला रागावून रागावून थकलात, अशा कुणाला तरी डोळ्यांपुढे आणा."

ताईने कागद खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नव्हतं, तरी मी पदर सारखा केला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई सतरा. वेणी घालताना हलले की, पाटी फोडली की, शाळेला दांडी मारली की, कुणाशी भांडून रक्त काढून घरी आले की, ती अशीच बघायची.

"ही शेवटची सूचना आहे," ती म्हणाली. "यापुढे सांगणार नाही. कळलं?"

'कळलं' कागदावर नव्हतं. टकल्या म्हणाला, "राहू दे, हेच राहू दे." आणि त्याने दिवा बंद केला. घरी येताना ताई रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं शेवटचं काम झालं होतं, आणि आम्हाला दोघींना ते माहीत होतं.

गाठ निघाली. तपासणीला पाठवली, वाईट नव्हती. डॉक्टरीणबाई हसत सांगायला आल्या. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. आवाज मात्र गेला. अगदीच नाही गेला, घोगरा, फाटका, दोन हातांवर ऐकू येईल इतका उरला. त्यालाही जोर लावायला मनाई. हाक मारायची नाही, ओरडायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही.

महिन्याने बँकेत गेलो, डॉक्टरांचा दाखला घेऊन. अधिकाऱ्याने दोन्ही चष्म्यांनी तो वाचला आणि नवीन आवाज नोंदवायला सांगितलं. ताई त्या उरलेल्या आवाजात म्हणाली, "माझा आवाज हीच माझी ओळख." आणि फोनमधून तिचा जुना, भरलेला, गुळगुळीत आवाज म्हणाला, "धन्यवाद. आपली ओळख पटली आहे."

पहिल्या झटक्यात! आवाज होता तोवर ती खोटी होती. आता आवाज गेला आणि ती खरी ठरली. मी तिथेच काउंटरवर डोकं टेकून रडले. अधिकाऱ्याने टेबलावरचा चष्मा उचलून बाजूला ठेवला, ओला होऊ नये म्हणून. ताईने फोनला घोगऱ्या आवाजात "आभारी आहे" म्हटलं आणि तो हळूच जागेवर ठेवला.

त्याच दिवशी मी रागारागाने ताईच्या सुटलेल्या खात्यातून ते न घेतलेलं कर्ज फेडून टाकलं. सतरा हजार सहाशे. पावती घेतली, शिक्का मारून घेतला, वर त्या माणसाला सांगितलं की नमुन्याच्या फोटोला हार घाला. घरी येऊन पावती ताईपुढे ठेवली. म्हटलं, "घे, सुटलीस. आता फोन यायचा नाही."

ताईने पावती वाचली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आठ दहाला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. लिफ्टमध्ये, डेपोत ताई बोलायची म्हणा, पण ते सगळ्यांशी. घरात मात्र सामसूम. मी दूध उतू घालवलं, ताईने नुसतं बघितलं. मी खालच्या दुकानदाराशी कडाक्याचं भांडून आले, तिने फक्त पाण्याचा पेला पुढे केला. मी मुद्दाम दोन दिवस औषध घेतलं नाही माझं, रक्तदाबाचं. तिला कळलं. तिने पाटीवर खडूने लिहिलं, "गोळी घे." हस्ताक्षर सुंदर आहे तिचं. पण त्याला काय चाटायचंय?

पन्नाशी उलटलेली बाई मी. मला कुणी रागवत नाही म्हणून मी संडासात जाऊन रडायची, सांगा कुणाला सांगायचं हे!

मग एके दिवशी मी पंख्याच्या दुकानात गेले. टेबलफॅन, बावीसशेचा. दुकानदार म्हणाला, "रोख दिलेत तर दोनशे कमी करतो." मी ताईच्या बँकेचं नाव घेऊन म्हटलं, "नको. हप्त्यांवर. त्याच बँकेचे हप्ते आहेत ना?"

"त्याच. सहा हप्ते."

"आणि थकला तर?"

त्याला वाटलं मी घाबरतेय. "काही नाही हो मावशी. आधी फोन येतात. पहिले दोन मऊ असतात. तिसरा मात्र जरा कडक असतो."

"तिसरा कितव्या दिवशी येतो?"

"एकविसाव्या. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी भरून टाका, नाहीतर लफडं होतं."

मी कॅलेंडरवर खूण केली. ताईने पंखा बघितला, हप्त्याचं पुस्तक बघितलं, भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "उकडतं मला." पहिला फोन आला तो मी दुकानात घेतला, दुसराही. नीट, शांतपणे समजावलं होतं तिने, पण ते जगाला. ते मला नको होतं.

एकविसाव्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. आठ वाजल्यापासून खिडकीपाशी बसून होते, फोन मांडीवर. ताई समोर खाली बसून मटार सोलत होती. आठ दहाला वाजला. मी स्पीकर लावला नाही, कानाशी घट्ट धरला.

"ही शेवटची सूचना आहे. यापुढे सांगणार नाही. कळलं?"

"हो ताई," मी म्हटलं. "कळलं."

ताईने मटाराची शेंग तशीच हातात धरून मान वर केली आणि त्या उरल्यासुरल्या आवाजात विचारलं, "मी कुठे काय बोलले?"